मुलांना ग्रामर शाळेत घालायचंय? पुस्तकांच्या आधी प्रवेशाचे नियम वाचा

"ताई, इलेव्हन प्लसला कुठली पुस्तकं घेऊ?" मार्च-एप्रिल आला की मला हे फोन सुरू होतात. इलेव्हन प्लस म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रामर शाळांची प्रवेश परीक्षा. मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर लंडनजवळच्या स्लाऊला आले आणि इथल्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून काम करते. माझी दोन्ही मुलं या परीक्षेला बसली. थोरली ग्रामरमध्ये शिकते, धाकटा घराजवळच्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, म्हणजे परीक्षा न घेता प्रवेश देणाऱ्या शाळेत. फोनवर मी जे सांगते ते एकदा सविस्तर लिहून ठेवावं, म्हणजे भारतातून नुकत्याच आलेल्या घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

पुस्तकांचं सांगेनच. पण फोनवर मी आधी विचारते ते हे, की शाळा कुठली डोक्यात आहे आणि तिची ॲडमिशन पॉलिसी वाचलीत का? आपली माणसं मुलांकडून दोन-दोन वर्षं पेपर सोडवून घेतात आणि काही पानांचा तो कागद वाचायला एक संध्याकाळ काढत नाहीत. मग मुलगी पास होते, घरात पेढे येतात, आणि मार्चमध्ये कळतं की घर लांब पडल्यामुळे जागाच मिळाली नाही. त्या दहा-अकरा वर्षांच्या लेकराला "तू पास झालीस, पण तुला तिथे जाता येणार नाही" हे समजावणं फार अवघड असतं. थोडं आधी वाचलं असतं तर ते टळलं असतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ग्रामर स्कूल ही सरकारी पैशावर चालणारी माध्यमिक शाळा, फरक इतकाच की ती परीक्षा घेऊन मुलं निवडते. फी नाही. या सरकारी परीक्षांनाही पैसे पडत नाहीत. वर्क व्हिसावर इथे राहायला आलेल्यांच्या मुलांनाही ती खुली आहे. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर देशभर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची विभागणी व्हायची. १९६५नंतर बहुतेक भागांनी ती पद्धत सोडली आणि १९९८च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढायलाच बंदी आली. आज इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा उरल्यात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एकही नाही. त्यामुळे एडिंबरा किंवा कार्डिफला नोकरी लागली असेल तर हा विषय तुमच्यापुरता संपला. केंट, बकिंगहॅमशायर, लंडनच्या कडेचे काही बरो (नगरविभाग), बर्मिंगहॅम, मँचेस्टरजवळचं ट्रॅफर्ड, लिंकनशायर अशा ठिकाणी मात्र तो दर वर्षी नव्याने सुरू होतो.

पॉलिसी कशी वाचायची

प्रत्येक शाळेच्या वेबसाइटवर 'ॲडमिशन्स' खाली ही पॉलिसी असते. तुमच्या मुलाच्या प्रवेशाच्या वर्षाचीच उघडा, कारण नियम बदलतात. भाषा कायद्याची असली तरी तुम्हाला तिच्यातून एकच गोष्ट शोधायची आहे: परीक्षेत गुण मिळाल्यावर जागा कुणाला आधी देतात?

काही शाळा सरळ गुणांच्या क्रमाने मुलं घेतात. बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स स्कूल ही मुलांची शाळा अशी आहे. तिला कॅटचमेंट, म्हणजे प्राधान्यासाठी ठरवलेला आसपासचा भाग, नाही; जास्त गुण मिळवणारा आधी. तिथे 'पास' या शब्दाला फारसा अर्थ नाही, वरच्या क्रमांकात बसावं लागतं. दुसऱ्या प्रकारात ठरावीक गुणांची एक रेघ असते. ती ओलांडली की सगळी मुलं सारखी, पुढचा निर्णय घराच्या अंतरावर किंवा कॅटचमेंटवर होतो. बकिंगहॅमशायरच्या १३ ग्रामर शाळांसाठी ही रेघ १२१ची आहे. मुलाला १२२ मिळोत की १३८, बऱ्याच शाळांमध्ये त्याने फरक पडत नाही, घर कुठे आहे याने पडतो. तिसरा प्रकार मिश्र. आधी ठरवून दिलेल्या पोस्टकोडमधली मुलं, त्यांच्यात गुणांचा क्रम. किंग्स्टनच्या दोन्ही टिफिन शाळा आणि मुलांची रेडिंग स्कूल यांच्यासाठी पोस्टकोडला मोठं वजन आहे.

आमच्या स्लाऊमध्ये चार ग्रामर शाळा आहेत: हर्शेल, लँगली, अप्टन कोर्ट आणि सेंट बर्नार्ड्स. चौघी मिळून एकच परीक्षा घेतात आणि १११ला पात्र धरतात. परीक्षा एक असली तरी पात्र मुलांमधून निवडण्याचा क्रम प्रत्येकीचा वेगळा आहे. सेंट बर्नार्ड्स कॅथलिक शाळा असल्यामुळे कॅथलिक मुलांना प्राधान्य देते. म्हणजे १११ मिळाले की चारही दारं सारखी उघडली असं होत नाही. चारही पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

वाचताना पेन्सिलीने खुणा करा. सिब्लिंग, म्हणजे भावंड आधीच त्या शाळेत असेल तर प्राधान्य आहे का? पत्ता कोणत्या तारखेचा धरतात? अंतर सरळ रेषेत मोजतात की चालण्याच्या रस्त्याने? पूर्वी घरच्या कमी उत्पन्नामुळे फ्री स्कूल मील (शाळेत मोफत जेवण) मिळालेल्या, म्हणजे प्युपिल प्रीमियममध्ये येणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या जागा किंवा कमी गुणांची रेघ आहे का? हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे लाजेपोटी कुणी विचारत नाही. घरातली नोकरी गेली होती, मधली काही वर्षं ओढाताणीची होती, आणि तेव्हा मुलांना फ्री स्कूल मील मिळत होतं असं असेल तर ते जरूर सांगा. तो मुलाचा हक्क आहे.

मग शाळेच्या किंवा काउन्सिलच्या (स्थानिक नगरपालिकेच्या) पानावर मागच्या दोन-तीन वर्षांत शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला गेली तो आकडा शोधा. तो दर वर्षी हलतो, पण अंदाज येतो. शेवटची जागा दीड मैलावर गेली असेल आणि तुम्ही सहा मैलांवर राहत असाल, तर ती शाळा तुमच्या आशेचा मुख्य आधार होऊ शकत नाही.

पत्त्याबद्दल स्पष्टच बोलते. शाळेजवळ खोली भाड्याने घेऊन कागदावर पत्ता बदलायचा आणि राहायचं मूळ घरातच, असे सल्ले आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतात. काउन्सिल टॅक्सची नोंद, जुन्या घराचं काय केलं, हे सगळं तपासतात. खोटं निघालं तर दिलेली जागा काढून घेता येते. आणि मुलाला रोज शाळेत आपला पत्ता लपवायला शिकवावं लागतं, ते मला सगळ्यात वाईट वाटतं. खरंच घर बदलायचं असेल तर पॉलिसीतल्या तारखेच्या आधी, सगळं कुटुंब घेऊन बदला.

वर्षाचं गणित

परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीलाच, बहुतेक ठिकाणी सप्टेंबरमध्ये होते. मूल तेव्हा दहा वर्षांचं असतं, आपल्याकडच्या पाचवीच्या वयाचं. नोंदणी मात्र त्याआधी, इयर फाइव्हच्या उन्हाळ्यात उघडते आणि शाळा सुटायच्या सुमारास बंद होते. केंटची नोंदणी जूनमध्ये असते. नोंदणीची तारीख गेली की बहुतेक ठिकाणी काही करता येत नाही, म्हणून इयर फाइव्हचा ईस्टर झाला की हव्या त्या सगळ्या शाळांच्या तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. प्राथमिक शाळा आठवण करून देईल या भरवशावर राहू नका, ते त्यांचं काम नाही. बकिंगहॅमशायरच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांची नोंदणी तिथली काउन्सिल आपोआप करते. पण आमच्या स्लाऊची पुष्कळ मुलं शेजारच्या बर्नम ग्रामरसाठी तीही परीक्षा देतात, आणि बर्नम बकिंगहॅमशायरमध्ये येतं. त्यांच्या आईवडिलांना तिथे वेगळी नोंदणी स्वतः करावी लागते. एक परीक्षा दुसरीकडे चालत नाही.

मुलाला चष्मा, श्रवणयंत्र, डिस्लेक्सिया, मधुमेह असं काही असेल तर तेही नोंदणीच्या वेळीच कळवायचं, पुराव्यासह. मोठ्या अक्षरातला पेपर, जास्तीचा वेळ, मधे खायची मुभा अशा सोयी मिळू शकतात, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मागून नाही.

निकाल ऑक्टोबरमध्ये येतो. शाळांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत आपल्या राहत्या काउन्सिलकडे भरायचा असतो, शाळा दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीत असली तरीही. जागा कळते पुढच्या १ मार्चला. परीक्षेची नोंदणी आणि हा फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा उत्तम दिली आणि फॉर्मवर त्या शाळेचं नाव नाही, तर जागा मिळणार नाही.

आपलं मूल यात बसेल का

वर्गात रोज मुलं पाहते म्हणून सांगते, गुणपत्रक हे याचं एकमेव माप नाही. न सांगता पुस्तक उघडणारं मूल, कोडं सुटलं नाही तरी ते न टाकणारं मूल, प्रश्न नीट ऐकून घेणारं मूल या परीक्षेत आणि नंतर त्या शाळेत रमतं. पेरेंट्स ईव्हनिंगला वर्गशिक्षिकेला सरळ विचारा की वाचन, लेखन, गणित यांत मूल 'एक्स्पेक्टेड'ला (वयाला अपेक्षित पातळीवर) आहे की 'ग्रेटर डेप्थ'ला (त्याहून वरच्या). तिन्हींत नाही तरी दोनांत 'ग्रेटर डेप्थ' असेल तर तयारीला अर्थ आहे. शिक्षिका "शी इज डुइंग फाइन" म्हणाली तर तेवढ्यावर उठू नका, पुढचा प्रश्न विचारा. इथे कौतुकाची भाषा फार सैल असते.

दिवसभर ट्यूशनला बसवून, रडवून रेघ पार करवलेलं मूल पुढे सात वर्षं त्याच वेगाने धावू शकत नाही. असं मूल कॉम्प्रिहेन्सिव्हच्या टॉप सेटमध्ये (विषयातल्या गतीप्रमाणे पाडलेल्या गटांतल्या सगळ्यात वरच्या) फुललेलं मी पाहिलं आहे. माझा धाकटा परीक्षेत रेघेच्या खाली राहिला. आज तो गणिताच्या वरच्या सेटमध्ये आहे, शाळेच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवतो आणि चालत घरी येतो. हे मी समाधान करून घ्यायला लिहीत नाही. परीक्षेला बसवण्याआधी जवळच्या दोन-तीन कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा त्यांच्या ओपन डेला जाऊन मनापासून बघा, मुलाला घेऊन. त्यांतली एखादी मुलाला आवडली की परीक्षेच्या दिवशी त्याच्या खांद्यावरचं अर्धं ओझं उतरतं.

तयारी

आता पुस्तकं. बऱ्याच भागांतले पेपर जीएल असेसमेंट ही संस्था बनवते: इंग्रजी, गणित, शाब्दिक तर्क, आणि आकृत्यांचे प्रश्न ज्याला इथे नॉन-व्हर्बल रीझनिंग म्हणतात. सगळीकडे मात्र हे चारही नसतात. सटनच्या शाळांची पहिली सामाईक परीक्षा इंग्रजी आणि गणिताची असते. रेडिंग स्कूलची पद्धत आणखी वेगळी आहे. तुमच्या शाळेच्या परीक्षेत काय असतं ते आधी बघा आणि मगच दुकानात जा. आकृत्यांचे प्रश्नच नसलेल्या परीक्षेसाठी आकृत्यांच्या चार वह्या सोडवून घेणारी घरं आहेत. जीएलचे नमुना पेपर त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. सुरुवात त्यांनीच करा.

महाराष्ट्रात शिकलेल्या आईवडिलांना इथे एक आधार आहे. चौथीची स्कॉलरशिप आठवते ना? बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरातली अंकमालिका, सांकेतिक भाषा, विसंगत घटक ओळखा, आरशातलं घड्याळ, आकृत्यांमधला संबंध. इथले तर्काचे प्रश्न त्याच जातीचे आहेत. आमच्या बाईंनी संक्रांतीच्या सुट्टीतसुद्धा वर्गात बसवून ते सोडवून घेतले होते, म्हणून लेकीला शिकवताना मला कुणाची मदत लागली नाही. नवोदयची परीक्षा दिलेल्यांनाही हे ओळखीचं वाटेल. तेव्हा या भागासाठी तासाला ३०-४० पौंड मोजण्याआधी रविवारी सकाळी स्वतः मुलाशेजारी बसून बघा. प्रश्नाचे प्रकार ठरलेले असतात. दोन-तीन महिन्यांत ते मुलाच्या अंगवळणी पडतात आणि त्यानंतर रोज तेच करत राहण्याने फार काही वाढत नाही.

गणितातही आपली घरं कच्ची नसतात. इथे इयर फोरला बारापर्यंतच्या पाढ्यांची देशभर चाचणी होते, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. आपल्या मुलांना आजीने वीसपर्यंत पाढे म्हणायला लावलेले असतात. कमी पडतो तो शाब्दिक उदाहरणांचा भाग. दोन-तीन पायऱ्यांचं उदाहरण इंग्रजीत वाचून नेमकं काय विचारलंय ते कळायला हवं. पौंड आणि पेन्स, रेल्वेचं वेळापत्रक, कार्पेटचं क्षेत्रफळ, पाककृतीतलं प्रमाण दुप्पट करणं, हे खऱ्या वस्तूंवर करा. आणखी एक, परीक्षा इयर सिक्सच्या तोंडावर होते, पण गुणोत्तर आणि बीजगणित शाळेत त्याच वर्षी शिकवतात. त्यांची तोंडओळख घरी करून द्यावी लागते.

खरी अडचण इंग्रजीची असते, आणि हेच परीक्षेच्या दोन वर्षं आधीपासून करायचं काम. बकिंगहॅमशायरच्या परीक्षेत भाषेच्या भागाला एकूण वजनातलं निम्मं वजन आहे, गणित आणि आकृत्यांना पाव-पाव. मुलं इंग्रजी फडाफड बोलतात म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण शाळेच्या मैदानावरचं इंग्रजी आणि शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीतला उतारा यांत फार अंतर आहे. त्या उताऱ्यात कोठार असतं, घोड्याचं खोगीर असतं, एखादी मावशी ओठ मुडपून काहीच न बोलता निघून जाते आणि प्रश्न असतो की तिला काय वाटलं असेल. हे शब्दांच्या याद्या पाठ करून येत नाही.

यावर मी एकच उपाय करत आले आहे: रोज अर्धा तास मोठ्याने वाचन. मूल वाचतं, आपण ऐकायचं, अडलेल्या शब्दापाशी थांबायचं आणि त्यावर दोन वाक्यं बोलायची. पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. स्लाऊची द कर्व्ह लायब्ररी २०१६ला उघडली, तिथलं मुलांचं कार्ड फुकट आहे. दर शनिवारी आम्ही पिशवी भरून आणायचो. एक जुनी गोष्ट, एक माहितीचं पुस्तक, एक कवितांचं, आणि एक मुलीला हवं ते, मग ते चित्रांचं का असेना. लायब्ररियनला वय सांगून विचारा, त्या आनंदाने काढून देतात.

मराठी थांबवू नका. काही आईवडील इयर फोरपासून घरात फक्त इंग्रजी बोलायला लागतात, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलसुद्धा तोडक्या इंग्रजीत चालतो. मला ते बघवत नाही आणि त्याचा उपयोगही होत नाही. आईबाबा आपल्या भाषेत भरभरून, कारणं देत, गोष्टी रंगवत बोलतात तेव्हा मुलाला विचार मांडायला शिकवतात. ते बळ इंग्रजी उताऱ्यातही कामी येतं. वाचनाच्या अर्ध्या तासात इंग्रजी, जेवताना मराठी, असं आमच्याकडे चालायचं.

ट्यूशनबद्दल मतं टोकाची असतात. घरात दोघेही रात्री आठला येत असतील, किंवा आईवडिलांसमोर मूल अभ्यासच करत नसेल, तर आठवड्यातून एक तास चांगल्या शिक्षकाकडे पाठवायला माझी हरकत नाही. इयर टूपासून, सात वर्षांच्या मुलाला त्यात ढकलण्याला मात्र ठाम विरोध आहे. इयर फोरपर्यंत वाचन, पाढे, बुद्धिबळ, कोडी. इयर फाइव्हला सप्टेंबरपासून प्रश्नांचे प्रकार. ईस्टरनंतर घड्याळ लावून पेपर. इतकं पुरतं. अनोळखी हॉलमध्ये अनोळखी मुलांबरोबर बसायची सवय व्हावी म्हणून एखादी मॉक परीक्षा जरूर द्या, पण दर शनिवारी मॉक देऊन मूल थकतं आणि शिकण्याला वेळ उरत नाही. मॉकनंतर गुण बघण्यापेक्षा चुकलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा सोडवण्यात वेळ घाला.

उत्तरपत्रिकेचा सराव वेगळा करायला हवा. बऱ्याच परीक्षांत उत्तरं वेगळ्या कागदावर पेन्सिलीने चौकटीत आडवी रेघ मारून द्यायची असतात आणि तो कागद यंत्र तपासतं. एक प्रश्न सोडला आणि पुढचं उत्तर त्याच्या जागी लिहिलं, की तिथून पुढचं सगळं सरकतं. दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून बघायची सवय लावा. जिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत तिथे शेवटच्या मिनिटाला रिकाम्या चौकटीही भरायला शिकवा.

सुट्टी, गणपती आणि परीक्षेचा दिवस

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "त्या वर्षी उन्हाळ्यात भारतात जायचं का?" जा. आजोळी गेलेलं मूल ताजंतवानं होऊन येतं. फक्त परीक्षेच्या किमान दोन आठवडे आधी परत या, कारण झोपेचं घड्याळ आणि तिकडचं बाधलेलं पाणी दोन्ही सावरायला वेळ लागतो. सोबत एक पुस्तक आणि रोजचे वीस मिनिटांचे प्रश्न ठेवा, जास्त नको. गणपतीही याच दिवसांत येतात. आरती, मोदक, मंडळाचा कार्यक्रम यातलं काही मुलाचं बंद करू नका, पण परीक्षेच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत पाहुण्यांची वर्दळ टाळा. दर्शनाला येणारी आपली माणसं हे समजून घेतात.

मूल आजारी असेल तर परीक्षेला पाठवू नका. सकाळीच कळवा, बहुतेक ठिकाणी पर्यायी तारीख असते. परीक्षा संपल्यावर "काय काय आलं होतं?" हे ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी बसणाऱ्या मुलांचं त्यात नुकसान आहे, आणि पेपरची माहिती फोडायला मनाई असते. मुलाला विचारायचंच असेल तर डब्यातलं खाल्लं का ते विचारा.

गुण आणि फॉर्म

निकालातला आकडा टक्के नव्हे. कच्च्या गुणांना मुलाच्या महिन्यांतल्या वयाप्रमाणे आणि सगळ्या मुलांच्या कामगिरीप्रमाणे बदलून तो काढतात. वर्गात सप्टेंबरमध्ये जन्मलेलं मूल ऑगस्टमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं. लहानाचं त्यात नुकसान होऊ नये म्हणून ही सोय. तेव्हा ऑगस्टच्या मुलाला "तू लहान आहेस, पुढच्या वेळी" असं म्हणायचं कारण नाही, आणि बहुधा पुढची वेळ नसतेच.

फॉर्मबद्दल एक गैरसमज पिढ्यान्पिढ्या चालत आलाय: "ग्रामर पहिली टाकली तर जवळची शाळा रागावते, दुसऱ्या नंबरवर घेत नाही." तसं नाही. शाळेला तुमचा पसंतीक्रम दिसतच नाही. प्रत्येक शाळा स्वतःच्या नियमाने मुलांचा क्रम लावते. एकाहून जास्त शाळांत बसत असाल तर तुमच्या यादीतली सगळ्यात वरची मिळते. म्हणून मनापासून हवी ती पहिली लिहा. लंडनमध्ये सहा नावं देता येतात. शेवटच्या एका जागी अशी शाळा हवीच जिथे अंतरावर तुमच्या मुलाला नक्की जागा मिळेल. सगळी नावं ग्रामरची भरलीत आणि एकही मिळाली नाही, तर काउन्सिल जिथे रिकामी जागा असेल तिथे पाठवते, ती गावाच्या दुसऱ्या टोकालाही असू शकते. रोजचा प्रवासही धरा. लंडनमध्ये राहणाऱ्या ११ ते १५ वर्षांच्या मुलांना झिप ऑयस्टर कार्डवर बस फुकट आहे. स्लाऊच्या मुलांना ते मिळत नाही. दोन बस बदलून पोचणारं मूल हिवाळ्यात अंधारात निघतं आणि अंधारात परततं.

जागा मिळाली नाही तर

गुण एक-दोनने हुकले तर बकिंगहॅमशायरमध्ये ऑक्टोबरच्या निकालानंतर लगेच सिलेक्शन रिव्ह्यू, म्हणजे निकालाचा फेरविचार, मागता येतो. मागण्याआधी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोला, कारण त्यांच्या ठोस पाठिंब्याशिवाय तो टिकत नाही. रिव्ह्यू फेटाळला गेला की पुढच्या अपिलात पॅनल आधी तो रिव्ह्यू न्याय्य झाला होता की नाही एवढंच बघतं, म्हणजे वाट अरुंद होते.

मार्चनंतरचं अपील स्वतंत्र पॅनलपुढे होतं. नकाराची सूचना मिळाल्यापासून निदान २० शाळेचे दिवस अर्जाला मिळतात. मूल पात्र ठरलं नसेल तर पॅनलला हवा असतो अभ्यासातल्या कुवतीचा पुरावा: शाळेचे अहवाल, वर्गातल्या चाचण्यांचे गुण, मुख्याध्यापकांचं पत्र. परीक्षेच्या आठवड्यात आजोबा गेले, घरात आजारपण होतं, असं असेल तर तेही लिहा, पण त्याच्यासोबत हा पुरावा हवाच. ट्यूशनच्या शिक्षकाच्या पत्राला फार वजन मिळत नाही. मूल पात्र आहे पण जागा नाही, तर याच शाळेत का हवं हे सांगावं लागतं: तिथली एखादी भाषा, वाद्यवृंद, भावंडाची गरज, वैद्यकीय कारण. "शाळा चांगली आहे" हे कारण होत नाही. बोलताना इंग्रजी अडखळलं तरी चालतं, दुभाषा किंवा मित्र सोबत नेता येतो. पॅनलवरची माणसं ऐकून घेतात, घाबरू नका.

तोवर मिळालेली जागा स्वीकारा. ती घेतल्याने वेटिंग लिस्टवरचं नाव किंवा अपिलाचा हक्क जात नाही, नाकारली तर मात्र हातची जागा जाते. वेटिंग लिस्ट निदान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावीच लागते. तिथे आधी आलेल्याला आधी असं नसतं, प्रवेशाच्याच नियमाने क्रम लागतो, त्यामुळे तुमचं नाव वर जातं तसं खालीही येऊ शकतं. एप्रिल आणि जूनमध्ये घरं बदलतात, काही जण खासगी शाळेत जातात, तेव्हा जागा हलतात. फोन करून क्रमांक विचारत राहा.

आणि उशिरा इंग्लंडला आलेल्यांसाठी: मूल इयर सेव्हन किंवा एटच्या वयाचं असेल तर थेट शाळेला लिहून विचारा की मधल्या वर्षात जागा निघाली तर परीक्षा घेता का, बऱ्याच शाळा घेतात. सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्मला (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना) तर पुष्कळ ग्रामर शाळा बाहेरची मुलं जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, ग्रेडवर घेतात, इलेव्हन प्लसशिवाय. त्यासाठी कोणत्या विषयात किती ग्रेड लागते ते त्या शाळेच्या सिक्स्थ फॉर्मच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी तिचा अर्ज इयर इलेव्हनच्या हिवाळ्यातच भरायचा असतो.